धोंड्याच्या महिन्यातली कादंबरी

अनसूया वाचनालयात गेली होती खुर्ची आणायला, आणि परत आली ती कादंबरी अंगावर घेऊन. चारठाण्यात असं होतं. माणूस पिठाच्या गिरणीवर जातो आणि भजनी मंडळाचा खजिनदार होऊन परततो.

खुर्ची तिच्या अप्पांची, म्हणजे खरं तर आईची. सागवानी, हातांची, पाठीला वेताची जाळी असलेली ही खुर्ची कस्तुराबाईंच्या माहेरून लग्नात आली होती. एकदा शारदा साहित्य मंडळात व्याख्यान होतं. पाहुण्यांना बसायला म्हणून अप्पारावांनी ती "दोन दिवसांसाठी" वाचनालयात नेली. पाहुणे त्याच संध्याकाळच्या एस.टी.ने गेले. खुर्ची राहिली. मग तिच्यावर मंडळाचे अध्यक्ष म्हणून स्वतः अप्पाच बसू लागले, आणि कस्तुराबाई तेव्हापासून पाटावर बसत आल्या. एक हात मोडला तेव्हा अप्पांनी तो तारेनं बांधला. पण घरी आणून बांधला नाही, तिथंच बांधला. घरी आणली तर परत नेऊ देणार नाहीत, एवढी बायको त्यांना कळत होती.

माघात अप्पा गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत अनसूया परभणीहून आली तेव्हा आईनं तिच्याकडे एकच गोष्ट मागितली.

"ती खुर्ची आन गं अने. गुडघे पाटावर बसू देईनात."

तेवढंच काम होतं. चहाच्या आत होईल असं अनसूयेला वाटलं. ती शाळेत मराठी शिकवत होती, तरी साहित्यिकांची तिला म्हणावी तशी ओळख नव्हती.

वाचनालयात मंडळ बसलं होतं. मंडळ म्हणजे अप्पांमागे उरलेले तिघं. चिटणीस बन्सीधर मास्तर ऐतिहासिक लिहीत. गावात जुनी देवळं असल्यामुळे इतिहास आपल्या मागच्या दाराशीच घडला अशी त्यांची खात्री होती. चंद्रभान ग्रामीण लिहीत. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय ठेवून त्यांना बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मातीचा वास त्यांना लांबून चांगला येई. तिसरे भुजंगराव येलदरीच्या वीजघरात नोकरीला होते आणि रहस्यकथा लिहीत.

"मास्तर, खुर्ची न्यायला आलेय," अनसूया म्हणाली.

बन्सीधर मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि वाईट बातमी द्यावी तसे म्हणाले, "अनसूयाताई, ती खुर्ची नव्हे. ते अध्यक्षीय आसन आहे."

"मागं माझ्या आजोबांचं नाव कोरलंय."

"असेल. परंतु इतिवृत्तात नोंद आसन अशी आहे. ठरावाशिवाय ते हलणार नाही."

या मंडळाचं ठरावांशी नातं नीट समजून घेतलं पाहिजे. विद्यापीठाच्या नामांतराबद्दल मंडळानं आपलं मत ठरवावं, हा विषय गेली दहा वर्षं प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटी असे, आणि प्रत्येक सभा त्याच्या आधी चहासाठी तहकूब होई. मराठवाडा पेटला, विझला, पुन्हा धुमसला. मंडळ चहा पीत होतं. तो विषय दर वेळी अप्पा लिहायला लावत. ते गेल्यावर विषयपत्रिका आटोपशीर झाली होती. आसन वाचनालयातच राहील, हा ठराव मात्र चहा यायच्या आत मंजूर झाला.

अडचण एवढीच की आसनावर बसायला अध्यक्ष नव्हता. तीन सभासद आणि तीनही उमेदवार. जितक्या वेळा मतदान झालं तितक्या वेळा प्रत्येकाला एकेक मत पडलं. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला. यंदा ज्येष्ठ अधिक होता. धोंड्याचा महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. एरवी इकडच्या माणसाचा उन्हाळा दुसऱ्यांच्या मांडवात पंगतीची वाट पाहण्यात जातो. यंदा अख्खा महिना मोकळा. तर या महिन्यात प्रत्येकानं एक कादंबरी लिहायची. रोज संध्याकाळी लिहिलेलं वाचून दाखवायचं. अमावास्येला जी कादंबरी पूर्ण, तिचा लेखक अध्यक्ष. आसन त्याचं.

"आता अप्पाराव असते..." मास्तर उसासा टाकून म्हणाले. "वीस वर्षं कादंबरी लिहितो म्हणत होते. एक वाक्य लिहिलं. पण फार चांगलं वाक्य होतं हो."

ते वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. 'त्या दिवशी पूर्णेला पाणी नव्हतं, पण लोक काठावर उभे होते.' अप्पा ते व्याख्यानांत म्हणत, मयतीत म्हणत, एस.टी.ची वाट पाहतानाही म्हणत. पुढं काय झालं ते मात्र कुणालाच कळलं नाही. बहुधा लोक अजून उभेच होते.

अनसूयेनं बाकी सगळं गिळलं असतं. 'आसन'सुद्धा गिळलं असतं. पण त्या "हो"मधली दया तिला खाली उतरेना.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली.

घरी आल्यावर आईनं तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"खुर्ची कुठाय?"

"कादंबरी लिहिली की मिळणार आहे."

कस्तुराबाईंनी शेंगांचं सूप पुढं ओढलं. मग शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "बापानं वीस वर्षांत जे केलं न्हाई ते तू महिन्यात करनार. आन ते बी बसायला खुर्ची पायजे म्हनून. लाकूड आनायला गेलेली बाई बी जंगल घेऊन येत न्हाई गं."

चारठाण्यात गुप्त काही राहत नाही. कादंबरीसारखी गोष्ट तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बायनाबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या आणि बसल्या. ताक हे निमित्त होतं हे अनसूयेला उशिरा कळलं.

"अने, कादंबरी म्हंजी लय मोठी गोष्ट आसती ना?"

"असते, काकू."

"मंग तिच्यात माझी सून घाल."

"बरं. नाव बदलून घालते."

"नाव कशापायी बदलायलीस?" बायनाबाई चिडल्या. "नाव बदललं तर तिला कसं कळंल?"

त्यानंतर सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. कुणी सांगितलं, नायिका जिंतूरची नको, तिकडच्या बायका लय बोलत्यात. कुणी म्हणालं, शेवट गोड कर, औंदा पाऊस तरी कुठं धड सांगितलाय. एका गृहस्थांनी आपल्या धुऱ्याचं भांडण कादंबरीत येता कामा नये अशी ताकीद दिली, कारण तारीख पडलेली होती. आणि ताकीद देताना ते भांडण इतकं तपशीलवार सांगितलं की न घालणं कठीण व्हावं.

यावर कळस म्हणजे, अप्पारावांची लेक लोकांची नावं लिहून घ्यायलीय ही बातमी हातपंपावर पोचली. हातपंपावरून ती वरच्या आळीला गेली तेव्हा तिची योजना झाली होती. सरकारची कादंबरी योजना. ज्याचं नाव त्यात येईल त्याला काहीतरी मिळणार होतं. काय, याबद्दल मतभेद होते. दुपारी ओसरीवर सुलाबाई रेशनकार्ड घेऊन हजर झाली, तिच्या मागे आणखी सात-आठ बाया.

"सुलाबाई, अहो ही गोष्ट आहे. खोटी. मनानं रचलेली."

"मंग योजना काय खऱ्या आसत्यात का?" सुलाबाईनं शांतपणे विचारलं. "लिव नाव. मिळालं तर मिळालं."

अनसूयेनं नावं लिहून घेतली. दुसरा इलाज नव्हता. त्या दिवशी तिच्या कादंबरीत जेवढा मजकूर पडला तेवढा नंतर कुठल्याच दिवशी पडला नाही.

तिनं ठरवलेली कादंबरी मात्र अगदी वेगळी होती. नायिका नीलिमा. मोठ्या शहरात टंकलेखिका. एकटी राहते, खिडकीत उभी राहते, विचार करते. गावाचा, घराचा, बापाचा संबंध नाही. अनसूयेनं आयुष्यभर पुष्कळ वाचलं होतं, आणि दुःखाबद्दल लिहिणाऱ्यांनी वाचकांवर किती अन्याय केला आहे हे तिला ठाऊक होतं. ते पाप तिला करायचं नव्हतं. पहिली दोन पानं नीलिमा खिडकीत व्यवस्थित उभी राहिली. तिसऱ्या पानावर दारावर थाप पडली. बाहेर एक म्हातारा. डोक्यावर खुर्ची. "बाई, एक कप चहा मिळेल का?"

अनसूयेनं ते पान फाडलं. दुसऱ्या दिवशी नीलिमा कचेरीत गेली, तर म्हातारा साहेबाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेला. अनसूयेनं नीलिमाची खोली उचलून पाचव्या मजल्यावर नेली. म्हातारा जिने चढून आला. त्याला धाप लागली होती, त्यामुळे आता त्याला पाणी तरी देणं भाग होतं.

संध्याकाळच्या वाचनात हे ऐकून चंद्रभाननं मान हलवली. "ताई, म्हातारा चांगला जमलाय. ती बाई तेवढी काढून टाका."

बाकीच्यांचं बरं चाललं होतं असं नाही. महिना मोकळा आहे हे ठरवताना तिघा पुरुषांच्या ध्यानात एक बाब आली नव्हती. ती ध्यानात यायला त्यांना स्वयंपाकघरात जावं लागलं असतं. धोंड्याच्या महिन्यात लग्न नसतं हे खरं, पण झालेल्या लग्नांची वसुली याच महिन्यात असते. जावई येतात. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं, आणि त्यानं तोंडातून काढलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही.

बन्सीधर मास्तरांना तीन मुली होत्या. पहिले जावई आले तेव्हा मास्तरांच्या कादंबरीत शत्रूची दहा हजारांची फौज देवळाला वेढा घालून बसली होती. दुसरे जावई आले आणि लिहायच्या खोलीत झोपले. तिसऱ्यांना लिहायचं टेबल जेवायला उंच बरं पडलं. फौज तशीच बसून राहिली. तिची रसद संपली, घोडी मेली, मास्तर न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून लिहायचा प्रयत्न करू लागले. त्यात थोरल्या जावयांना मास्तरांचा ट्रान्झिस्टर आवडला.

"दिलात?" भुजंगरावांनी विचारलं.

"न देऊन सांगतो कुणाला?" मास्तर खोल आवाजात म्हणाले. "धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणता येत नाही. शास्त्र आहे. बातम्या ऐकायची सवय होती, मोडेल आता."

चंद्रभान स्वतःच जावई. सोनपेठहून सासऱ्यांचा निरोप आला आणि ते कादंबरी पिशवीत घालून गेले. चौथ्या दिवशी परत आले ते नवा शर्ट घालून आणि पोट धरून. पुरणावर तूप, तुपावर आग्रह. त्यांच्या कादंबरीतला उपाशी शेतमजूर त्यानंतर पुढं सरकेना. पोटात एवढं असताना भुकेबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल असं ते म्हणाले, आणि प्रामाणिकपणानं आडवे झाले.

भुजंगरावांच्या रहस्यकथेत खून पहिल्याच पानावर पडला होता. पुढं खुनी निघायचा होता. पण वाचनाला खिडकीबाहेर गाव जमू लागलं होतं, आणि ज्याच्यावर संशय जाई तो दुसऱ्या दिवशी भुजंगरावांच्या दारात उभा राही. वाणी म्हणाला, माझी उधारी बंद होईल. कोतवाल म्हणाला, माझी नोकरी जाईल. शेवटी भुजंगरावांनी जाहीर केलं की खुनी बाहेरगावचा आहे, तेव्हा बाहेरगावचे पाहुणे नाराज झाले. तशातच एका वाचनाच्या ऐन मोक्यावर वीज गेली.

"भुजंगराव, वीज तुमी काढता ना येलदरीला?" चंद्रभान अंधारातून म्हणाले.

"काढणं आमचं खातं," भुजंगरावांचा आवाज आला. "पोचवणं दुसरं खातं. आमी काढायलोत बराबर."

मास्तरांची एक अडचण आणखी होती. ते नोकरीत होते, आणि नोकरीतल्या माणसानं ललित लेखन करण्यापूर्वी परवानगी घ्यावी असं त्यांनी कुठल्यातरी परिपत्रकात वाचलं होतं. त्यांनी वर अर्ज केला. अनसूयेलाही करायला सांगितलं.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

"अप्पारावांचंच वळण," मास्तर म्हणाले. हे त्यांना दूषण वाटत होतं.

या सगळ्या धामधुमीत एका घरी जावई आला नव्हता. अनसूयेचा नवरा माधवराव परभणीला जिल्ह्याच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळत होता. त्याला बोलावणं गेलंच नव्हतं.

"दुःख आसू दे गं कस्तुरे," बायनाबाई रोज म्हणत. "पर एकच जावई तुला. त्याच्या तोंडात गोड घास नको का?"

"वर्ष झालं न्हाई," कस्तुराबाई म्हणत. "औंदा ह्या घरात कढई चढायची न्हाई." त्यांच्या तोंडून हे वाक्य आलं की त्यापुढं बायनाबाईंचंही चालत नसे.

अनसूया आईकडे पाहायची आणि लिहायला बसायची. महिना उतरणीला लागला होता. नीलिमा कधीचीच कुठंतरी निघून गेली होती. म्हातारा तिच्या खोलीत राहायला आला होता. शेवट करायचा तर एकच शेवट होता आणि तो अनसूयेला ठाऊक होता. माघात तिनं तो पाहिला होता. चार ओळींचं काम. ती रोज सकाळी त्यासाठी ताव पुढं ओढायची, आणि दुपारपर्यंत म्हाताऱ्यानं आणखी एक कप चहा घेतलेला असायचा. चहाची साखर, कपाचा तुटका कान, बशीत ओतून फुंकर घालणं. कादंबरी जाड होत चालली आणि संपायचं नाव घेईना. खुर्ची अशानं मिळणार नाही, हे तिला कळत होतं. आई पाटावरून उठताना भिंतीला हात लावते, हेही तिला दिसत होतं. तरी हात पुढं जात नव्हता. मराठीचे तास घेताना तिनं मुलांना किती वेळा सांगितलं होतं, मुद्द्याला धरून लिहा!

एक दिवस तिनं आईला मास्तरांच्या ट्रान्झिस्टरची हकिगत सांगितली. हसवावं म्हणून सांगितली. कस्तुराबाई हसल्या नाहीत.

"काय म्हनले मास्तर? परत सांग."

"धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणता येत नाही. शास्त्र आहे."

"समद्यांपुढं म्हनले?"

"सगळ्यांपुढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाई हरभऱ्याची डाळ निवडत बसलेल्या दिसल्या.

"आई? कढई चढायची नव्हती ना?"

"धोंडे उकडायचे आसत्यात," त्या डाळीतून मान वर न काढता म्हणाल्या. "कढईला कोन हात लावायलंय? जावईबापूंना निरोप धाड. अमुशाच्या आत या म्हनावं."

माधवराव अमावास्येच्या दिवशी दुपारी पोचला. कुठंतरी बंद पुकारलेला होता, एस.टी. जिंतूरलाच अडकली होती. पुढचा रस्ता तो भाजीच्या टेम्पोत बसून आला होता. त्याच्या अंगाला कोथिंबिरीचा वास येत होता आणि खिशात मास्तरांसाठी कागद होता.

"मास्तरांचा अर्ज मीच आवक केला होता," तो अनसूयेला म्हणाला. "उत्तर आलंय. पोस्टानं पुढच्या महिन्यात मिळालं असतं, म्हणून हातानं आणलं."

"काय आहे?"

"कादंबरीच्या तीन प्रती जोडाव्यात. त्या पाहून ती लिहायला परवानगी द्यावी किंवा कसे, याचा विचार करण्यात येईल."

संध्याकाळी शेवटची सभा भरली. खिडक्यांना गाव लोंबकळत होतं. चंद्रभानचा शेतमजूर अर्ध्या वाटेवर होता. भुजंगरावांचा खून आत्महत्या ठरण्याच्या मार्गावर होता, कारण मेलेल्याचे नातेवाईक गावात नव्हते. मास्तरांनी हातातला कागद दोनदा वाचला आणि घडी करून ठेवला. त्यांच्या फौजेनं अजून वेढा उठवला नव्हता.

"अनसूयाताई, आपली?"

"पानं पुष्कळ झालीत," ती म्हणाली. "संपली नाही."

"म्हातारा?"

"आहे."

मास्तर घसा खाकरून उभे राहिले. "कुणाचीच कादंबरी पूर्ण नाही. सबब तांत्रिक मुदतवाढ देणं प्राप्त आहे. पुढील अधिक मासापर्यंत. तोवर मंडळ पोरकं राहू नये म्हणून प्रभारी अध्यक्ष या नात्यानं मी..."

तेव्हा अनसूयेच्या ध्यानात आलं की खुर्चीवर एक उशी आहे. फुलाफुलांची, नवी खोळ घातलेली. मास्तरांनी घरून आणलेली. अप्पांनी बांधलेली तार तिच्याखाली अर्धी झाकली गेली होती. ती उठली. काय बोलणार होती तिलाही माहीत नव्हतं, पण बोलण्याची पाळीच आली नाही, कारण दारात कस्तुराबाई उभ्या होत्या.

इतक्या वर्षांत त्या वाचनालयाची पायरी चढल्या नव्हत्या. हातात झाकलेलं ताट, मागे माधवराव, त्याच्या मागे बायनाबाई. कुंकू लावायला बायनाबाईंना आणलं होतं.

"बसा जावईबापू," कस्तुराबाईंनी खुर्चीकडे बोट केलं.

माधवराव कचेरीतला माणूस. सांगितलं तिथं बसण्याची सवय होती. तो मास्तरांच्या उशीवर बसला. बायनाबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, कस्तुराबाईंनी ताट पुढं केलं. पुरणाचा वास खोलीभर झाला आणि चंद्रभाननं तोंड फिरवलं.

"घास घ्या. आन सांगा, धोंड्याचं वाण काय पायजे?"

माधवरावानं सासूकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग खुर्चीच्या तारेवरून बोट फिरवलं.

"ही खुर्ची बरी आहे," तो म्हणाला.

"परंतु..." मास्तर म्हणाले, "आसनासंबंधी मंडळाचा ठराव..."

"मास्तर," बायनाबाई म्हणाल्या, "थोरल्या जावयाला रेडिओ देतानी ठराव केलता का?"

खिडक्या हसल्या. मास्तरांनी मदतीसाठी भुजंगरावांकडे पाहिलं.

"बात तर बराबर हाय मास्तर," भुजंगराव म्हणाले. "शास्त्र तुमीच सांगितलं."

मास्तर खाली बसले. इतिवृत्तात त्या सभेची नोंद 'आसन यथाविधी दान करण्यात आले' अशी आहे.

खुर्ची चंद्रभान आणि भुजंगरावांनी उचलून आणली, मागे उशी घेऊन मास्तर, मागे गाव. मास्तर यायचं नाही म्हणत होते, पण वाचनालयात आता अध्यक्षीय असं काही उरलंच नव्हतं, आणि धोंडे इकडं होते. ओसरीवर खुर्ची ठेवली. माधवरावानं सासूला हात धरून बसवलं. कस्तुराबाईंनी टेकून पाहिलं. मोडक्या हातावर हात ठेवला, तार लागली तसा काढला, आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"बाई, चहा होईल का?" मास्तरांनी जरा वेळानं विचारलं. त्यांचा स्वर खाली आला होता.

"हुईल की. ह्यांचा तो शेवटचा विषय राहिलाय नव्हं तुमचा? दहा वर्षं? तो घ्या आधी. मंग च्या."

मंडळानं एकमेकांकडे पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस, घसे कोरडे. विषय निघाला. भांडण झालं, आवाज चढले. मास्तर एकदा उठून निघाले आणि चहाच्या आशेनं परतले. आणि दहा वर्षं ज्याला वेळ मिळाला नव्हता तो नामांतराच्या बाजूचा ठराव दोन विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर झाला. मग अनसूयेनं चहा ठेवला.

माणसं पांगल्यावर माधवराव अंगणात हात धुवायला गेला. शाळा उघडायला आली होती. सकाळी निघायचं होतं. अनसूया ताव गोळा करून पिशवीत भरू लागली.

"संपली न्हाई म्हनालीस," खुर्चीतून आवाज आला.

"नाही संपली."

"म्हातारा मरत न्हाई म्हनून?"

अनसूयेनं पिशवीचे बंद ओढले.

"च्या मागतो म्हनं लय. कसा मागतो ते वाच."

तिनं वरचाच एक ताव काढला. "'बाई, एक कप चहा मिळेल का?'"

"असं कवा मागितलं त्यांनी?" कस्तुराबाई तडकून म्हणाल्या. "मिळंल का! पाहुनं होते का ते? 'च्या ठेवलाय ना?' म्हनायचे. दारातूनच. ठेवलेला नसला तरी."

अनसूयेनं पेन काढलं, ओळ खोडली, वर लिहिलं. कस्तुराबाई ती लिहीत असताना पाहत होत्या.

"आन एवढ्यात मारू नकोस त्याला," त्या म्हणाल्या. "मुदत वाढवलीय ना मास्तरांनी. पुढला धोंडा यायला तीन वर्षं हायत. पिऊ दे च्या."